गिरणीचा दिवस किती तासांचा, हे कोण ठरवत होतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांमधली रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. ओव्हरटाइमची मर्यादाही तीन महिन्यांना ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचं ठरलं, पण त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल असं सांगण्यात आलं. त्यानंतरची चर्चा दोन वाक्यांभोवतीच फिरत राहिली. ‘जास्त काम केलं तर चार पैसे जास्त मिळतील, देशही पुढे जाईल’ हे एक, आणि ‘हे सरळ शोषण आहे’ हे दुसरं.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. सध्या एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या कापडगिरण्यांबद्दल वाचते आहे. कामाच्या तासांचा हाच वाद तिथे साठ-सत्तर वर्षं चालला. तो वाचताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आजच्या चर्चेत जवळपास ऐकूच येत नाही. कामाचे तास ही एकेका कामगाराने मालकाशी बसून ठरवण्याजोगी गोष्ट नसते. गिरणीची रचना आणि तिचा हिशेब समजून घेतला की याचं कारण कळतं.

एक इंजिन, हजार माणसं

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचं सूत निघू लागलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध, त्यामुळे मुंबईच्या कापसाला आलेली तेजी, १८६५ मधली घसरण असे चढउतार पचवून धंदा वाढत गेला. १८७० मध्ये शहरात डझनभर गिरण्या होत्या, त्या १८९५ पर्यंत सत्तरच्या आसपास पोचल्या.

या गिरण्या वाफेवर चालायच्या. एका बाजूला बॉयलर आणि इंजिनघर. इंजिन एक अवजड चाक फिरवायचं, त्या चाकावरून दोर प्रत्येक मजल्यावर जायचे, तिथे छताखालून लांबच लांब लोखंडी दांडे फिरत असायचे आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्रापर्यंत यायचे. इंजिन सुरू झालं की सूत कातणाऱ्या सगळ्या चात्या आणि कापड विणणारे सगळे साचे फिरू लागायचे. ते थांबलं की सगळंच थांबायचं.

आता एखाद्या कामगाराला वाटलं, आपण आज दहाच तास काम करू, मजुरीही तेवढीच घेऊ. त्याला तसं करता येत नव्हतं. एसटीत बसलेल्या माणसाला गाडी आपल्यापुरती अर्धा तास आधी पोचवता येत नाही, तसंच हे. गिरणीचा दिवस सगळ्यांसाठी एकच असायचा आणि तो इंजिन ठरवायचं. म्हणजे अर्थात इंजिन चालवणारा मालक ठरवायचा.

सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद

सुरुवातीच्या काही दशकांत बहुतेक गिरण्यांचा नियम सोपा होता. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत काम. मुंबईत डिसेंबरमध्ये दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. कामाचा दिवसही तसाच लहानमोठा व्हायचा. दुपारच्या सुट्टीची खात्री नव्हती. रविवारी यंत्रं बंद असली तरी ती साफ करायला कामगारांना बोलावलं जायचं.

इथे मला विचार करायला लावलं ते पुढच्या काळाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास तेजी होती, तेव्हा काही गिरण्या १४-१५ तास चालू लागल्या. शहर तेच होतं, हवाही तीच होती. आदल्या दशकापेक्षा माणसं काही बळकट झाली नव्हती. म्हणजे इतकी वर्षं दिवस तेरा तासांवर थांबत होता तो ‘माणसाला एवढंच झेपतं’ म्हणून थांबत नव्हता. अंधार पडायचा म्हणून थांबत होता. दिवा आल्याबरोबर ती हद्दही गेली.

मालकाला इतके तास हवेच कशाला?

‘लोभ’ असं एका शब्दात उत्तर देऊन पुढे जाता येईल, पण त्याने काहीच समजत नाही. गिरणीचा हिशेब पाहायला हवा.

गिरणीचे खर्च दोन प्रकारचे. कापूस, कोळसा, मजुरी हे जेवढं चालवाल तेवढे वाढणारे. दुसरा खर्च इमारत आणि यंत्रांचा, जो गिरणी चालो न चालो, होतोच. अर्थशास्त्रात अशा गुंतवणुकीला ‘स्थिर भांडवल’ म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांची यंत्रं इंग्लंडहून जहाजाने यायची, महाग असायची आणि अनेकदा कर्जाऊ पैशांतून घेतलेली असायची. व्याज रात्रीही चढतं.

समजा, एका खात्याचा असा ठरलेला खर्च रोज १२० आणे आहे. दहा तास काम चाललं तर तासाला १२ आणे त्यात जातात, बारा तास चाललं तर १०. दिवस लांबवला की प्रत्येक तासावरचा बोजा कमी होतो आणि एकही नवं यंत्र न घेता जास्त सूत निघतं.

मुंबईत याच्या जोडीला आणखी एक कारण होतं आणि ते मला फार बोलकं वाटतं. इथल्या बहुतेक गिरण्या ‘मॅनेजिंग एजन्सी’ पद्धतीने चालायच्या. म्हणजे भागधारकांचा पैसा, पण कारभार एका व्यापारी पेढीच्या हाती आणि त्या बदल्यात पेढीला कमिशन. सुरुवातीच्या काळात हे कमिशन अनेक ठिकाणी नफ्यावर नव्हतं, उत्पादनावर होतं: निघालेल्या प्रत्येक रतलामागे (पौंडामागे) पाव आणा. गिरणी तोट्यात असली तरी सूत निघत राहिलं की पेढीचं कमिशन पक्कं. अशा व्यवस्थेत दिवस लहान करावा असं कारभाऱ्याला का वाटावं?

‘नको असेल तर नोकरी सोडावी’

हा आक्षेप तेव्हाही घेतला जायचा. कामगार काही गुलाम नाहीत, आपखुशीने येतात, उद्या जाऊ शकतात, मग सरकारने मध्ये का पडावं?

जाण्याची मोकळीक कागदावर होती, हे खरं. पण हे कामगार आलेले असायचे रत्नागिरी, सातारा अशा भागांतून, जिथे जमिनीच्या तुकड्यावर घर चालत नव्हतं म्हणूनच तर ते मुंबईला आले होते. कामावर घेणं आणि काढणं जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या हातात होतं. त्याची मर्जी राखावी लागायची. मजुरी महिन्याची आणि तीही उशिरा, पुढचा महिना बराच सरल्यावर हातात यायची. तोवर घर वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. जो कामगार गिरणी सोडेल त्याची कमावलेली मजुरी अडकून पडायची.

आणि सोडून जायचं कुठे? शेजारच्या गिरणीतही दिवस उजेडाएवढाच होता. मालकांनी १८७५ मध्येच आपली संघटना उभारली होती, ‘बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन’. एका बाजूला एकत्र बसून ठरवणारे मालक आणि दुसऱ्या बाजूला एकेकटा कामगार. याला करार म्हणायचं तर म्हणा, पण यात तासांबद्दल घासाघीस करायला जागाच नव्हती.

‘तास कमी केले तर धंदा बुडेल’

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात वजनदार आक्षेप. त्याचा जन्म इंग्लंडमधला. १८३७ मध्ये नासाउ सीनियर या नामवंत अर्थशास्त्रज्ञाने आकडे मांडून सांगितलं की गिरणीमालकाचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासात तयार होतो. आधीच्या तासांत फक्त खर्च भरून निघतो. तेव्हा एक तास कमी करा, नफा शून्य.

ऐकायला बिनतोड वाटतं. चूक साधी आहे. गिरणी एक तास कमी चालली तर त्या तासाचा कापूस लागत नाही, कोळसा जळत नाही. ते खर्चही कमी होतात. वाचत नाही तो फक्त ठरलेला खर्च. म्हणजे नफा थोडा घटेल, सगळा नाहीसा होणार नाही.

प्रत्यक्षात तर तेवढाही घटला नाही अशी उदाहरणं आहेत. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी रॉबर्ट गार्डनर या मालकाने आपल्या दोन गिरण्यांमध्ये १२ तासांचे ११ केले. वर्षभराने हिशेब केला तेव्हा तेवढ्याच खर्चात तेवढाच माल निघाला होता आणि नगावर मजुरी घेणाऱ्यांची कमाईही कमी झाली नव्हती. थकलेल्या माणसाच्या बाराव्या तासात सूत तुटतं, गाठी मारण्यात वेळ जातो, माल खराब निघतो. तो तास कागदावर पूर्ण दिसतो, पण मालात तसा उतरत नाही. १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेने बायका आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी दहा तासांचा कायदा केला. त्यानंतरही पुढची कित्येक दशकं लँकेशायरचं, म्हणजे मँचेस्टरभोवतालच्या गिरण्यांच्या भागाचं, कापड जगभर विकलं जात होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तास कमी झाल्यावर इंग्लंडमधल्या मालकांनी यंत्रांचा वेग वाढवला आणि एकेकाकडे जास्त यंत्रं दिली. दिवस आखूड झाला, पण जास्त पिळवटून काढणाराही झाला. तास कमी झाले म्हणजे श्रम कमी झाले, असा हिशेब करता येत नाही.

‘इथले कामगार नुसती टंगळमंगळ करतात’

चौकशी आयोगांपुढे मुंबईच्या मालकांचं हे आवडतं म्हणणं होतं. कामगार मधूनमधून बाहेर जातात, विडी ओढतात, निवांत जेवतात, गावाला जाऊन बसतात. म्हणजे तेरा तासांत खरं काम कितीसं होतं?

मला वाटतं, हे निरीक्षण खरं होतं आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा होता. ज्या दिवसात ठरलेली विश्रांती नाही, तिथे शरीर आपली विश्रांती चोरून घेतंच. कामगार बाहेर जायचे कारण आत उकाडा, कापसाची धूळ आणि यंत्रांचा खडखडाट असायचा आणि तेरा तास सलग कुणीच उभं राहू शकत नाही. मालक ज्याला आळस म्हणत होते तो दिवस फार लांब असल्याचा पुरावा होता.

मँचेस्टरचा डाव?

आता खरोखर अवघड प्रश्न. भारतात कारखाना कायदा व्हावा यासाठी सगळ्यात मोठा आवाज लँकेशायरच्या कापड उद्योजकांचा होता. मुंबईचं स्वस्त सूत त्यांना नको होतं. आपल्या गिरण्यांवर तासांचं बंधन आहे, मग यांच्यावर का नको, असा त्यांचा मुद्दा. हेच लोक भारतात येणाऱ्या कापडावरची जकात काढून टाकण्यासाठी दबाव आणत होते आणि १८८२ पर्यंत ती निघालीही. पुढे १८९६ मध्ये तर भारतीय गिरण्यांच्याच कापडावर साडेतीन टक्के कर बसला.

त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी कारखाना कायद्याला कडाडून विरोध केला. देशी उद्योग आत्ताच उभा राहतोय आणि परके त्याचे पाय ओढतायत, असं त्यांना दिसत होतं. अपवाद होते, पण थोडे. ही भूमिका मी वाचली तेव्हा आधी मला राग आला, मग समजली. लँकेशायरला मुंबईच्या गिरणीतल्या सात वर्षांच्या पोराचा कळवळा आला होता असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

पण हेतू वाईट म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आणि हा विषय फक्त मँचेस्टरने आणला होता हेही खरं नाही. मुंबईतले पारशी समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला होता. आणि १८८४ मध्ये खुद्द कामगार बोलले. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या सप्टेंबरमध्ये परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावी. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी आणि कायमचा अपंग झाल्यास पोटगी मिळावी.

या मागण्या पुन्हा वाचा. आठ तास कुणी मागितलेले नाहीत. सूर्य मावळल्यावर घरी जाऊ द्या, एवढंच मागितलंय.

रविवार एकदम सगळ्यांना का मिळाला?

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. १० जून १८९० रोजी मिलओनर्स असोसिएशनने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

यात कोणी दिली हे पाहण्यासारखं आहे. सुट्टी एका गिरणीने दिली नाही, संघटनेने दिली. एखाद्या भल्या मालकाला वाटलं तरी त्याने एकट्याने गिरणी बंद ठेवली असती तर त्याचा ठरलेला खर्च चालूच राहिला असता आणि शेजारचा त्याचं गिऱ्हाईक घेऊन गेला असता. म्हणजे ज्या पेचात एकटा कामगार होता, त्याच पेचात एकटा मालकही होता. सगळ्यांनी एकदम थांबायचं ठरवलं तरच थांबता येत होतं. कायदा नेमकं हेच काम करतो. तो सगळ्यांना एकाच वेळी थांबवतो, त्यामुळे चांगलं वागणाऱ्याला त्याचा भुर्दंड पडत नाही.

कायदे आले, पण पुरुष मोकळेच राहिले

१८८१ चा पहिला कारखाना कायदा यंत्रशक्ती वापरणाऱ्या आणि १०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना लागू झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि ७ ते १२ वयाच्यांसाठी ९ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काही नव्हतं. १८९१ च्या कायद्याने मुलांचं किमान वय ९ केलं, १४ पर्यंतच्यांना ७ तास आणि बायकांना ११ तासांची मर्यादा घातली, सगळ्यांना साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास दिला. मोठ्या पुरुषांचे तास पुन्हा मोकळेच.

इंग्लंडमध्येही १८४७ चा कायदा पुरुषांसाठी नव्हता, तरी तिथे पुरुषांचाही दिवस आखूड झाला. मुंबईत तसं का झालं नाही? पुन्हा इंजिनाकडेच जावं लागतं. इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये बायका आणि पोरं इतकी होती की ती घरी गेल्यावर पुरुषांसाठी इंजिन चालवण्यात अर्थ नसायचा. मुंबईत सूतकताई आणि विणकाम मुख्यतः पुरुष करायचे, बायका रिळाच्या आणि वाइंडिंगच्या, म्हणजे कातलेलं सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत असायच्या. त्यांना लवकर सोडलं तरी बाकीची गिरणी चालत राहायची. एकाच धर्तीचा कायदा दोन देशांत वेगळा वागला, कारण यंत्रांपाशी कोण उभं आहे ते वेगळं होतं.

पुरुषांच्या तासांवर पहिली मर्यादा आली १९११ मध्ये, कापडगिरण्यांसाठी १२ तास. मग १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६०, १९३४ मध्ये १० आणि ५४, आणि १९४८ च्या कायद्याने ९ आणि ४८.

हे सगळं वाचल्यावर आजच्या ‘लेखी संमती’बद्दल मला जे वाटतं ते स्पष्ट सांगते. आज प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आहे, तरी पाळी सगळ्यांची एकच असते, कंत्राटदाराची यादी एकच असते आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचं नाव पुढच्या महिन्यात त्या यादीत असेलच याची हमी नसते. संमतीचा कागद एकेकाकडून घेतला जातो, दिवस मात्र सगळ्यांचा मिळून लांबतो. तास वाढवायचेच असतील तर संमती कामगारांनी एकत्र बसून, संघटनेमार्फत द्यावी. ‘नाही’ म्हणणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहील हेही कायद्यात लिहिलेलं असावं. त्याशिवाय त्या सहीला मी संमती म्हणणार नाही.

१८८४ च्या पाच मागण्यांचं पुढे काय झालं?

रविवारची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास, या दोन मागण्या सहा-सात वर्षांत मान्य झाल्या. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने गेले. त्यांना या दोनच पूर्ण झालेल्या पाहायला मिळाल्या. दिवसाच्या लांबीला कायद्याची हद्द १९११ मध्ये पडली, म्हणजे अर्जानंतर २७ वर्षांनी. कामावर जखमी झालेल्याला भरपाई देण्याचा कायदा १९२३ मध्ये झाला. मजुरी वेळेवर मिळण्याची मागणी खरं तर मालकाला सगळ्यात कमी पैशांत पुरी करता आली असती, कारण त्यात जास्तीचा एक पैसाही द्यायचा नव्हता, कमावलेलाच द्यायचा होता. तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. १९३६ च्या कायद्याने हजाराहून कमी कामगार असतील तिथे पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत आणि इतर ठिकाणी दहाव्या दिवसाच्या आत मजुरी देणं बंधनकारक केलं. अर्जाला तेव्हा ५२ वर्षं झाली होती.